रुपाची काजं

कामिनीचा सगळा राग त्या कोटावर होता. जाड खाकी कापडाचा, कोपरांवर विटलेला, खिसे लोंबलेला कोट. लोणखेड्यात थंडी पडू लागली की भूपेंद्र तो पेटीतून काढायचा आणि पहाटे केळीला पाणी द्यायला जाताना अंगात चढवायचा. कोटाची रया गेली होती, पण पुढची काजं जशीच्या तशी होती. ती रुपानं, त्याच्या पहिल्या बायकोनं, हातानं केलेली.

"बटनं तुटी गयात, काज काय तुटनं नही," तो गळ्यापर्यंत बटणं लावत म्हणायचा. "रुपाना हातनं काम शे."

भिंतीवरच्या रुपाच्या फोटोचं कामिनीला काही वाटत नसे. हार तीच घालायची. पण फोटोतली बाई नुसती बघत होती, ही काजं मात्र रोज सकाळी तिच्या नवऱ्याच्या छातीशी जाऊन बसत होती. कामिनीनंही मशीनवर त्याला एक सदरा शिवला होता. तो त्यानं दोनचारदा घातला, मुकाट्यानं. त्या सदऱ्याबद्दल तो कधी चार शब्द बोलला नाही.

एका दुपारी कोट धुऊन दोरीवर वाळत होता आणि घरात कोणी नव्हतं. काजं जुनी झालीत, नवी करून देऊ, असं मनाशी म्हणत तिनं ब्लेड घेतलं. दोरा सुटेना. तिनं हिसका दिला, ब्लेड घसरलं आणि कापड फाटलं. वरच्या काजात दोन बोटं जातील एवढं भोक पडलं. खरं सांगायचं तर आधी तिला बरंच वाटलं. मग संध्याकाळी भूपेंद्र येईल, हे डोक्यात आलं. मशीनवर काज मारून पाहिलं, तर कापड गोळा होऊन भोक आणखी वाकडं झालं.

"कोट वाळला नाही अजून," असं त्याला सांगून दुसऱ्या दिवशी ती पिशवीत कोट घालून शहाद्याला शिंप्याकडे गेली. शिंप्यानं कोट उलटापालटा केला.

"हाई मशीनवर व्हवाव नही. जसोदाबाईले दखाड. काज करानं ते तिनीच."

जसोदाबाई म्हणजे रुपाची आई. कामिनीनं तिला कधी पाहिलं नव्हतं. भूपेंद्रनं दुसरं लग्न केल्यापासून त्या घराचा उंबरा ओलांडला नव्हता. कामिनी परतच निघाली होती. पण नवऱ्याचा चेहरा डोळ्यांपुढे आला आणि ती वळली.

म्हातारी ओट्यावर सदऱ्यांचा ढीग घेऊन बसली होती. तिनं कामिनीला ओळखलं नाही, कोट मात्र लगेच ओळखला. मांडीवर घेऊन फाटक्या कडेवरून अंगठा फिरवला.

"उंदीरनी..." कामिनीनं सुरुवात केली.

"उंदीर असा सरळ कातरत नही, माय."

कामिनीनं मान खाली घातली. "मीच कापं. ते रोज तिन्हं नाव लेतस."

आता शिव्या बसणार, असं तिला वाटलं. म्हातारीनं कोट मांडीवर सरळ केला.

"मन्हापुढे तिन्हं नाव कोनी लेत नही," ती म्हणाली. मग सुई कामिनीच्या हातात दिली. "मी कराव नही. तूच कर. बठ."

फाटक्या जागेला मागून कापडाचा तुकडा लावायचा, दोऱ्याला मेण चोळायचं, काजाच्या ओठावर जाड सूत ठेवायचं आणि ते आत घेत गाठीचा टाका टाकत जायचं. प्रत्येक टाका सारखा ओढायचा, शेवटी दोन्ही टोकांना आडवे टाके घालून काज बांधायचं. पहिलं काज म्हातारीनं सरळ उसवून टाकलं, दुसरंही. कामिनी दुपारी येत राहिली. घरी कोटाबद्दल नवीन नवीन थापा मारत राहिली आणि भूपेंद्र शाल गुंडाळून शेतात जात राहिला. "रुपाबी असाच दोरा ओढे," म्हातारी कधी म्हणाली की कामिनीची बोटं आवळायची. तिला रुपासारखं काज नको होतं, रुपापेक्षा चांगलं हवं होतं.

शेवटचा टाका झाला तेव्हा तिच्यानं राहवलं नाही. "तिन्हापेक्षा चांगलं व्हयनं का?"

म्हातारीनं कोट उजेडात धरला. बटण घालून काढून पाहिलं.

"नही," ती म्हणाली. "पन टिकी."

दुसऱ्या सकाळी भूपेंद्रनं कोट घातला. वरचं बटण लावताना त्याचा अंगठा थांबला.

"हाई कोनी करं?"

"मी." मग तिनं ब्लेडपासून सगळं सांगितलं. जसोदाबाईचं नाव निघालं तसा तो खाटेवर बसला. ओरडला नाही. म्हातारीला दिसतं का, पाणी कोण भरतं, खोकला अजून आहे का, एकामागून एक विचारतच राहिला. कामिनी उत्तरं देत गेली आणि आतून पुन्हा पेटत गेली.

"मन्ही मायबद्दल इतलं कधी इचारं नही तुम्ही."

भूपेंद्रनं वर पाहिलं. "नही इचारं," तो म्हणाला. आणि त्यानं मोटरसायकल बाहेर काढली. "चाल, शहादाले जाऊत."

"पहिले मन्हा माहेरले," कामिनी मागे बसत म्हणाली.

माहेर नंदुरबारला, शहादा हाकेच्या अंतरावर. तरी त्यानं गाडी नंदुरबारच्या रस्त्याला लावली. तिथून फिरून जसोदाबाईच्या ओट्यापाशी आले तेव्हा ऊन उतरलं होतं. भूपेंद्र म्हातारीच्या पायाशी वाकला आणि बराच वेळ उठलाच नाही. कामिनी जरा अंतर ठेवून उभी राहिली. तिला टोचत होतंच. मग म्हातारीनं तिच्याकडे पाहून ओट्यावरचे सदरे बाजूला सारले, आणि कामिनी जाऊन तिथं बसली.