दुपारचा पहारा

“सायकलवर सावद्यापर्यंत जाता येतं, अन् वीणा गळ्यात आली का पाय दुखतात. आता तुमीच इचारा डॉक्टर,” हेमराज म्हणाला.

जीवरामनाना टेबलाला हात टेकून, वाकून उभे होते. लेकानं आपल्याला जळगावला दवाखान्यात आणलं आहे की पंचांपुढं, हे त्यांना कळेना.

गावच्या सप्ताहात दुपारचा पहारा नानांचा. सातही दिवस वीणा जमिनीला टेकू द्यायची नाही. पाया पडून एकानं दुसऱ्याच्या गळ्यातून घ्यायची आणि उभ्यानंच नाम चालू ठेवायचं. कीर्तनाला मांडव फुलतो, पण केळीची पानं करपवणाऱ्या दुपारी देवाच्या सोबतीला उरतो तो एकटा विणेकरी. नानांना ती वेळ फार गोड वाटे. अलीकडं मात्र उभं राहिलं की कमरेखाली शिसं ओतल्यासारखं होई. पुढं वाकलं की मोकळं वाटे, म्हणून ते वीणा छातीशी धरून वाकत. बाया म्हणत, नाना भक्तीनं लवले. नानांनी ते कधी खोडून काढलं नाही. देवापुढं दुखणं काय सांगायचं?

यंदा डावं पाऊल उचललंच नाही. नाना पडले, वीणा पडली, भोपळ्याला तडा गेला. मंडळाचा सुपडूभाऊ सगळ्यांदेखत म्हणाला, “मनात खोट असल्याशिवाय वीना नही निसटत.” हेमराज बाजूलाच होता. त्यानं बापाआधी वीणा उचलली.

डॉक्टरबाईंनी नानांना ओट्यावर चालवलं. थोडं चालून ते थांबले, गुडघ्यांवर हात ठेवून वाकले, मग पुन्हा चालले. बाईंनी पावलांची नाडी पाहिली, टाचांवर चालायला लावलं. डावं पाऊल फरशीवर फटकन आपटलं. कमरेचा एमआरआय झाला. फोटो उजेडावर धरून त्या म्हणाल्या, “मणक्यातली नळी अरुंद झालीय. ताठ उभं राहिलं की नसा आवळतात, वाकलं की सुटतात. सायकलवर माणूस वाकलेलाच असतो. तुमचे वडील खोटं बोलत नाहीत.”

“मंग आधी का नही सांगितलं?” हेमराजनं बापालाच विचारलं.

“सांगतलं होतं. तू म्हने, केळीचे घड वाहायचा कटाळा आला.”

डॉक्टरबाईंनी फोटो खाली ठेवला. “वेळेत आला असतात तर गोळ्या-व्यायामावर भागलंही असतं. आता ताकद जायला लागलीय, ऑपरेशन बरं. उभं राहणं सुधारेल. पाऊल पूर्ण परत येईल, असं मी म्हणणार नाही.”

“उभं ऱ्हाता यीन ना?” नाना म्हणाले. “करा मंग.”

पुढच्या सप्ताहापर्यंत नाना ताठ उभे राहू लागले. डाव्या पावलाला तेवढी प्लास्टिकची पट्टी बांधावी लागे. धुतलेलं धोतर नेसून, बुक्का लावून ते मांडवात गेले.

सुपडूभाऊ म्हणाला, “नाना, तुमी बसा आता. वीनेला एक डाव माती लागली, लोकायचं मन धजत नही. दुपारचा पहारा हेमराजले देला.”

नानांनी लेकाकडं पाहिलं.

“मी ‘नही’ म्हनलो असतो तं पहारा घरातून गेला असता,” हेमराज म्हणाला आणि नवी वीणा गळ्यात घालून घेतली.

जवळच खुर्ची होती. नाना बसले नाहीत. खांबाच्या मागं, खांबाला न टेकता, ओठांत नाम धरून उभे राहिले. हेमराजनं पाय बदलले, जांभई दिली, पुन्हा पाय बदलले. नानांची कंबर एकदाही वाकली नाही. ते कुणी पाहिलं नाही.

पहारा सरला. पुढच्या पहाऱ्याचा तोताराम वीणा घ्यायला आला आणि हेमराजच्या पाया पडायला वाकला. खांबामागं नानांनी आपली पावलं जुळवून घेतली. डावं जरा ओढावं लागलं.