तेलाची पारख

“मी तोंडानं काही बोलत नाही, ताई. ज्योतच काय ते सांगेल,” म्हणत नळीवाल्यानं तिच्यासमोर खिशातून तांब्याची तार काढली.

बागेत पाणी घालायच्या त्याच्या नळ्या हल्ली तडकत होत्या आणि त्याचा सगळा रोख तेलावर होता. तेल म्हणजे डीओपी; कडक प्लास्टिक ज्यानं मऊ पडतं ते. चपलेचा तळ असो, विजेची वायर असो, नाहीतर सलाइनची नळी. तिच्या बाबांनी जन्मभर तेच विकलं. महिन्यापूर्वी ते गेले. गोदामातले हे ड्रम त्यांच्याच हातचे.

“बाबांच्या मालात भेसळ?”

“बाजार बघा ना जरा. खेळणीवाले दुसऱ्या तेलाकडे वळले, तरी याचा भाव उतरायचं नाव नाही. परदेशातला माल येतो तोही तुटपुंजा. निम्मे लोक यात बिनदिक्कत स्वस्तातलं क्लोरिनचं पॅराफिन ओततात. तुमचे वडीलच तेवढे धुतल्या तांदळासारखे, असं मी का समजू?”

“दादा असता तर तुझी जीभ एवढी चालली नसती,” मागे उभे असलेले काका, बाबांचे धाकटे भाऊ, म्हणाले.

नळीवाल्यानं शेगडी पेटवली. तार ड्रममध्ये बुडवली आणि ज्योतीत धरली. चांगल्या तेलानं ज्योत पिवळी जळते; पॅराफिन असेल तर त्यातल्या क्लोरिननं हिरवी.

ज्योत हिरवीगार झाली.

तिनं काकांकडे पाहिलं. बाबा अंथरुणाला खिळले तेव्हा गोदाम काकांच्याच ताब्यात होतं.

“माझ्याकडे काय बघतेस?”

“काही नाही.”

“नाही कसं? बघितलंस.”

काका नसतील तर मग बाबा. दुखण्यानं माणूस बदलतो म्हणतात. शेवटी शेवटी ते बोलायचेही कमी. तिनं नजर खाली वळवली, तेव्हा तारेच्या टोकाला चिकटलेलं, अर्धवट वितळलेलं लाल प्लास्टिक दिसलं.

“ही तार कुठून आणलीत?”

“वायर सोलली. का?”

“वायरच्या आवरणातही क्लोरिन असतो. तार आधी जाळून नाही घेतलीत?”

तिनं तार घेतली आणि ज्योतीत धरून ठेवली. हिरवा रंग रेंगाळला, फिका झाला, गेला. मग तिनं ती तेलात बुडवली. ज्योत पिवळी, काजळी धरणारी. दुसऱ्या ड्रमचंही तेच. तिसऱ्याचंही.

“मग माझ्या नळ्या का तडकतात?”

“तेल महागलंय. नळीत ते घालताना तुम्हीच हात आखडता घेतला असेल.”

त्यानं उगाच घसा खाकरला. “सोमवारी माल न्यायला टेम्पो पाठवतो,” म्हणाला आणि निघाला. माफी वगैरे त्याच्या धंद्यात बसत नसावी.

ड्रमांची झाकणं काकांनीच घट्ट केली. एकेक, सावकाश. हात लाकडाच्या भुशात चोळले.

“काका, मी तसं...”

“असू दे गं. दादाही तसाच बघायचा. मी आणलेला प्रत्येक ड्रम तपासायचा. भाऊ असून.” ते हसले, पण तिच्याकडे न बघता. “तुझ्या लहानपणी मला त्याचा राग यायचा. नंतर सवय झाली.”

शटर ओढून त्यांनी कुलूप लावलं आणि चाव्या तिच्यापुढे धरल्या.

“तुमच्याकडेच राहू देत ना.”

“नको. तुझ्याकडेच बऱ्या.”

तिनं हात पुढे केला. चाव्या तेलकट होत्या, बोटांतून निसटत होत्या. काका तोवर रस्त्याला लागले होते.