मागं दे, कल्याण

मी एक जुना रग्बीचा चेंडू आहे. टीव्हीवरच्या कल्याणला लोकांना हसवायला मी शिकवलं, असं सांगितलं तर कोणीही विश्वास ठेवणार नाही. नका ठेवू. पण ऐकून तर घ्या.

मित्रांनो, माझा जन्म जालंधरचा. चार पाकळ्या शिवून, पोटात हवा भरून मला पुण्याला धाडलं. मी गोल नाही म्हणून दुकानातले बाकीचे चेंडू हसायचे. टप्पा पडला की मी कुठं जाईन, हे मलासुद्धा ठाऊक नसतं. पण देवळाली प्रवराच्या कल्याणनं मला काखेत मारलं अन् आमचं जमलं. उसाच्या मोळ्या उचलून घडलेले त्याचे खांदे. चार गडी अंगाला लोंबकळत असले तरी तो पळायचा. एकदा मैदान संपलं तरी आम्ही थांबलो नाही. थेट नगर रस्त्यावरच्या सुपा गावात जाऊन चहा घेतला, परत आलो, तरी सामना चालूच होता.

आमच्या खेळाची रीत वेगळी. पळायचं पुढं, पण हातानं चेंडू द्यायचा तो मागच्याला. पुढं फेकला की चूक. त्यामुळे धाव कल्याणची आणि टाळ्या बऱ्याचदा दुसऱ्याला. त्याला त्याचं कधी वाईट वाटलं नाही.

मग त्याचा गुडघा गेला आणि संघानं करार संपवला. दवाखान्यात पडल्यापडल्या तो प्रशिक्षकाची नक्कल करायचा. तो व्हिडिओ एका वाहिनीनं पाहिला आणि त्याला विनोदी कार्यक्रमात घेतलं. फौजदार झाला, लुगडं नेसून मावशी झाला. पुढं सूत्रसंचालनच त्याच्या हाती आलं, पण बजावूनच: पहिला भाग रंगला नाही तर दुसरा माणूस घेऊ.

त्यानं घाबरून आईला, कडूबाईंना, फोन केला. "आई, दुसऱ्याचं लिहिलेलं बोलता येतं. माझं मी बोलाया उभा राह्यलो की हात रिकामं वाटत्यात, आन् तोंड बंद पडतंय."

"मंग हातात कायतरी धर की," त्या म्हणाल्या.

ते कायतरी म्हणजे मी.

दिवे लागले. कल्याणनं पहिला विनोद सांगितला, कोणी हसलं नाही. दुसरा सांगितला, एक जण खोकला. मी हळूच म्हणालो, "एकट्यानं किती पळशील गड्या? मागं दे." त्यानं प्रेक्षकांकडं पाठ केली आणि वळूनही न बघता खांद्यावरून मला त्यांच्यात फेकलं. मी पडलो ते पांढऱ्या कपड्यांतल्या एका गृहस्थांच्या मांडीवर. ते काय बोलले ते मला ऐकू आलं नाही, हशाच एवढा उसळला. कार्यक्रम कल्याणकडेच राहिला. आजही तो स्वतः कमी बोलतो, पाहुण्यांना बोलतं करतो.

मित्रांनो, एवढं करूनही आज मी देवळालीत, दार आपटू नये म्हणून दाराखाली पडलोय. हवा गेली, एक पाकळी उसवली. ज्यानं पडत्या काळात साथ दिली त्याला असं विसरू नका. मला पुसा, थोडी हवा भरा आणि मुंबईला त्या स्टुडिओत माझ्या जागेवर...

"कुठल्या जागेवर रं लबाडा?" कडूबाई उंबऱ्यातून म्हणाल्या. "त्या दिशी तू हितंच हुतास, ह्याच दाराखाली. त्याच्या हातात पपई हुती. आपल्या बांधावरची, म्याच पिशवीत घातल्याली. फुटली ती चॅनेलच्या मालकाच्या मांडीवर. समद्यात आधी त्योच हसला, म्हनून माझ्या पोराचं काम राह्यलं."