लेम्पीबाईंच्या अंगणातली खडी

माणसाचा मोठेपणा न पडण्यात असतो, असं मी आयुष्यभर सांगत आलो. मग ऐन हिवाळ्यात शेजारचा उर्हो बर्फावर घसरला. मोडलं डावं मनगट, तरी समोरच्या लेम्पीबाई रोज त्याला वेलदोड्याचे पाव स्वतःच्या हातानं भरवू लागल्या. माझ्या बुटांच्या तळाला बर्फात रुतणारे खिळे, म्हणून मी धडधाकट आणि उपाशी.

काल खिळे काढले आणि त्यांच्याच अंगणात घसरायला गेलो. जमेना. बाईंनी सकाळीच बर्फावर खडी पसरलेली.

खिडकी उघडली. "तैस्तो, एकटेच काय नाचताय?"

"पडतोय."

"पडा की सावकाश. आधी बादलीतली उरलेली खडी उर्होच्या दारात टाकून या ना. बिचारा पुन्हा घसरायचा."