एकाच भावाचा खोका

मित्रांनो, मी एक जुना लाकडी खोका आहे. लगेच नाकं मुरडू नका. दुकानात शिरताना तुमचं लक्ष वरच्या चकचकीत मांडणीकडे असतं, गुडघा माझ्यावर आपटतो आणि बोलणी मी खातो. सवय आहे मला. पण गुडघा चोळायला वाकलाच आहात, तर माझंही थोडं ऐकून घ्या.

माझा जन्म सफरचंदांसाठी झाला. मला ठोकणाऱ्या सुताराला जेवायची घाई झाली होती. शेवटचा खिळा वाकडा गेला आणि त्याचं टोक आतल्या बाजूला डोकावू लागलं. "चालतंय," असं म्हणून त्याने डबा उघडला. त्याचं चाललं हो! मला मात्र तो खिळा जन्माचा चिकटला.

सफरचंदं संपली आणि बाजारातून मला सुईकाकांनी उचललं. त्यांचं रेकॉर्डचं दुकान. कोणीही बोलायला आलं तरी त्यांचा एक डोळा रेकॉर्डवर फिरणाऱ्या सुईवर असायचा, म्हणून सगळे त्यांना सुईकाका म्हणायचे. तेव्हा मी गल्ल्याशेजारी असे. माझ्यात नव्याकोऱ्या रेकॉर्डी उभ्या असत, एका बाजूला लोकगीतं, दुसऱ्या बाजूला रॉक. तरुण पोरं-पोरी माझ्याभोवती नुसती झुंबड करायची. कोणी मला हात लावून "काय माल आहे!" म्हटलं की माझ्या फळ्या फुगायच्या. खोटं कशाला बोलू, चढलीच होती मला.

मग दिवस फिरले. गाणी लहान लहान वस्तूंत जाऊन बसली आणि रेकॉर्डी कोणी विचारेना. माझी रवानगी जिन्याखाली झाली. सोबतीला वाळलेले रंगाचे डबे आणि काडी मोडलेली छत्री. एका कोळ्याने माझ्यात संसार थाटला, त्याची नातवंडंही माझ्यातच वाढली. किती वर्षं गेली ते मोजायचं मी सोडून दिलं होतं.

आणि एक दिवस फडकं फिरलं! रेकॉर्डींना पुन्हा गिऱ्हाईक आलं होतं. पण गल्ल्याशेजारची जागा काही मला परत मिळाली नाही. मला दाराजवळ, टेबलाखाली ढकललं आणि वर पाटी लावली, 'काहीही घ्या, एकच भाव'.

सुईकाकांचा शिरस्ता असा, की रेकॉर्ड आधी वरच्या फळीवर, महिनाभरात नाही गेली तर खालच्या फळीवर, तिथेही नाही गेली तर माझ्या पोटात. रद्दीवाल्याकडून आलेला मळका माल तर थेट माझ्याकडे. वरची प्रत्येक रेकॉर्ड काका उजेडात धरून तपासत. माझ्यातली उघडूनही बघत नसत. "खोक्यातलं काय बघायचं!" म्हणत. आणि दर सहा महिन्यांनी उरलेला माल एक वाट्यावाला घेऊन जाई. तो रेकॉर्डी भट्टीत तापवून मऊ करतो आणि किल्ल्या ठेवायच्या वाट्या वळतो. त्याची पिशवी दारात दिसली की माझ्या फळ्या करकरतात. कारण मित्रांनो, माझ्यात ठेवलेली रेकॉर्ड मला ऐकू येते. कशी ते विचारू नका, पण येते.

स्वस्तात घबाड शोधणाऱ्यांच्या तऱ्हा मी सांगू लागलो तर दिवस मावळेल. एक गृहस्थ रेकॉर्ड नाकाला लावून हुंगतात. एक कॉलेजकन्या आवडलेला माल बँडच्या कवायतीच्या रेकॉर्डींमागे लपवून जाते, म्हणजे पुढच्या शनिवारपर्यंत कोणाच्या बापाला सापडायला नको. आणि एक पातळ मिशीवाला. दोन बोटांनी भराभरा रेकॉर्डी उलटतो, हाती दुर्मीळ काही लागलं तर चेहरा मुद्दाम पाडून विचारतो, "ही फुटकी आहे का हो?" लबाड कुठला!

पण मी वाट बघायचो ती बाइंडिंगवाल्या ताईंची. शेजारच्या वाचनालयात पुस्तकं शिवायचं त्यांचं काम. बोटांवर कायम वाळलेली खळ. दर शनिवारी दुपारी त्या माझ्यापुढे चक्क जमिनीवर मांडी घालत आणि एकेक कव्हर बघत. पहिल्याच दिवशी त्यांनी काकांना सांगितलं होतं, "इस्पितळाच्या धुलाईखान्यातल्या नऊ बायकांनी लोकगीतांची एकच रेकॉर्ड काढली होती, काका. मुख्य आवाज माझ्या आईचा. कव्हरावर नऊजणी चादरी वाळत घालतायत, बघा."

"फार थोड्या निघाल्या असतील. तुमच्या घरी नाही एकही?"

"होती की. आईच्या घशाचं ऑपरेशन, त्यातच घर बदललं. मीच सगळं रद्दीत दिलं. आईचं कव्हर तेवढं वेगळं काढून ठेवलं होतं, नंतर उघडलं तर रिकामं." ताईंनी बोटावरची खळ खरवडली. "आईचा आवाज गेला तो गेलाच. आता पाटीवर लिहून बोलते. माझी लेक सहा वर्षांची आहे. परवा विचारते, आजी बोलायची तेव्हा कशी बोलायची? काय सांगू मी तिला?"

काकांनी पहिल्यांदाच सुईवरची नजर काढली. पण द्यायला त्यांच्याकडे काहीच नव्हतं.

माझ्याकडे आलं! महिन्याभराने रद्दीवाल्याकडून एक गठ्ठा आला. त्यात एका रॉक बँडचं कव्हर होतं, जळत्या मोटारसायकलचं. आणि आत चक्क नऊ बायका गात होत्या. मी मनात ओरडलो, ताई, इथे! पण खोक्याचं कोण ऐकतं? शनिवारी ताई आल्या, मोटारसायकलवर बोट ठेवून हसल्या. "हे तर आमच्या दादाकडेही होतं. त्या काळी घरोघरी असायचं हे," म्हणाल्या आणि कव्हर उलटून पुढे गेल्या. पुढच्या शनिवारीही तेच. त्यानंतरचे सात शनिवारही तेच. दर वेळी त्यांचं बोट आईच्या आवाजावरून सरकायचं आणि मी लाकूड असून कासावीस व्हायचो.

अखेर सहामाही भरली. वाट्यावाला पिशवी घेऊन दारात उभा राहिला. "पाच मिनिटं थांब," काका म्हणाले, "ताईंना एकदा शेवटचं बघू दे." ताई घाईघाईने कव्हरं उलटू लागल्या. मोटारसायकल आली, गेली. मी आशा सोडली.

तेवढ्यात टर्रर्र झालं. माझ्या खिळ्यात कव्हर अडकलं आणि कोपऱ्यापासून पार मधपर्यंत फाटलं.

"काय हा दळभद्री खोका!" वाट्यावाला म्हणाला. "टाका ना तो जाळून. ते फाटकं द्या इकडे, मला कव्हराचं काय करायचंय?"

"असं कसं!" ताई म्हणाल्या. "माझ्या हातून फाटलंय. फाटकं देऊन जायची नाही मी." पिशवीतून त्यांनी खळीची डबी आणि ब्रश काढला. जुन्या स्वस्त कव्हरासाठी एवढी उस्तवार दुसरं कोणी केली नसती. पण फाटलेलं दिसलं की त्यांचे हात स्वस्थ बसत नसत. आणि मित्रांनो, कव्हर चिकटवायचं म्हणजे खळ लागू नये म्हणून आतली रेकॉर्ड आधी बाहेर काढावी लागते.

त्यांनी ती काढली. मधल्या गोल कागदावर नजर गेली आणि ब्रश खाली पडला. "दादाचं काम हे!" त्या रडत हसत होत्या. "कोणतीही रेकॉर्ड हाताला लागेल त्या कव्हरात कोंबायचा. आई किती ओरडायची त्याला!"

पातळ मिशीवाला तिथेच घुटमळत होता. त्याने मान लांब करून नाव वाचलं आणि या वेळी चेहरा पाडायलाही विसरला. "काका, दसपट देतो. रोख."

काकांचं दुकान काही सोन्याने मढलेलं नाही, भिंतीचा रंग तुम्ही बघताच आहात. काकांनी पाटीकडे बोट दाखवलं. "वाचता येतं ना? खोक्यातल्या मालाला एकच भाव. आणि ताईंच्या हातात आहे ती."

"लावून बघू?" त्यांनी ताईंना विचारलं.

"आत्ता नको," ताई म्हणाल्या. "आईला घेऊन येते." आणि दार उघडं टाकून पळाल्याच.

अर्ध्या तासात तिघी आल्या. आजी गळ्याला रुमाल बांधलेल्या, हातात पाटी. छोटी त्यांचं बोट धरून. आजींना खुर्ची दिली, छोटी माझ्या काठावर बसली. वाट्यावालाही पिशवी खाली ठेवून थांबला. काकांनी सुई अलगद टेकवली. खरखर झाली. मला वाटलं, माझ्याच खिळ्याने घात केला असेल. मग गाण्याच्याही आधी एक खणखणीत आवाज दुकानभर घुमला, "अगं ए, दार लावा ना! वारा शिरतोय. कितीदा सांगायचं?"

छोटी टुणकन उठली आणि धावत जाऊन तिने दुकानाचं दार लावलं.

मग तिच्या लक्षात आलं. ती दाराला पाठ लावून आजीकडे बघत राहिली. आजींचे खांदे गदगदत होते. हसत होत्या की रडत होत्या, मला खालून नीट दिसलं नाही. नऊ बायका गाऊ लागल्या तेव्हा आजींनी पाटीवर काहीतरी लिहून छोटीसमोर धरलं. तिने अक्षरं जोडत मोठ्याने वाचलं, "शहाणी गं माझी बाय."

मित्रांनो, त्या दिवसापासून सुईकाका माझ्यातली प्रत्येक रेकॉर्ड कव्हरातून काढून बघतात. तुम्हीही बघत जा. माझ्यासारखे पुष्कळ खोके दाराजवळ, टेबलाखाली बसलेले असतात. त्यांना हलक्या हाताने चाळा. काही फाटलं तर चिकटवा, आणि घरी ज्याची त्याची रेकॉर्ड ज्याच्या त्याच्या कव्हरात ठेवा. माझा खिळा काकांनी हातोडी आणून नीट ठोकून टाकलाय. आता चाळताना कव्हर अडकायचं नाही, गुडघा मात्र जपा. आणि हो, जाताना दार लावा.