मी पाण्यातच खरं बोलतो

मी थर्मामीटर बोलतोय. तापात काखेत धरता तो नव्हे हं! मी माशांच्या टाकीत दोरीला लटकणारा, लाल रेघेचा. काचेच्या भट्टीत जन्मलो आणि लगेच बर्फात बुचकळून माझी परीक्षा घेतली गेली. तेव्हापासून खोटं बोलायचं नाही, हा माझा बाणा.

टाकीची राखण काकांकडे. मालक दुसरेच, पण माशांवर जीव काकांचा. एकदा मासे आजारी पडले, खाण्यातून अँटिबायोटिक दिलं, आणि गणितवाल्या बाई आल्या. औषध माशाच्या आतड्यातून रक्तात, रक्तातून मांसात किती जातं, अंगातून कधी निघतं, याचं गणित त्या तीन वर्षं जुळवत होत्या. पाणी गार असलं की औषध माशाच्या अंगातून सावकाश निघतं. म्हणून काकांनी रोज सकाळी माझा आकडा वहीत लिहायचा आणि त्यावरून विक्रीचा दिवस ठरायचा.

गणित म्हणालं, औषध थांबल्यापासून अठराव्या दिवशी मासे साफ. त्या दिवशी नमुना तपासला, तर मांसात औषध भरपूर!

"गुंडाळा ते गणित!" बाईंचे साहेब उखडले. बाईंचं तोंड एवढंसं झालं. दोष कुठे आहे ते मला ठाऊक होतं, पण सांगणार कसं?

दुसऱ्या सकाळी बाई स्वतः टाकीवर आल्या. काकांनी नेहमीसारखं मला वर ओढलं, सदऱ्याला पुसलं, बुडाशी मुठीत घट्ट धरलं, दुसऱ्या हातानं खिसे चाचपून चष्मा शोधला आणि मग उन्हात धरून वाचलं. "चोवीस!"

"अहो काका, हा तर तुमच्या मुठीचा ताप!" बाईंना हसू आवरेना. मला पाण्यात सोडून त्या थोडं थांबल्या, मग गुडघे टेकून, वाकून पाण्यातच वाचलं. "अठरा."

काका वहीची मागची पानं उलटू लागले. "म्हणजे माझ्यामुळे लोकांच्या ताटात औषध गेलं असतं?"

"गेलं नाही ना? नमुना त्यासाठीच तपासतो. आणि तुम्ही एकही दिवस चुकवला नाहीत. रोज एकाच पद्धतीनं चुकलात, म्हणून तर दुरुस्त करता येईल."

चार दिवस दोघांनी दोन्ही आकडे लिहिले. त्यांतला फरक धरून बाईंनी मागची सगळी वही सुधारली. आता गणित म्हणालं, चोविसावा दिवस. त्या दिवशीचा नमुना अगदी साफ निघाला. साहेबांनी विक्रीच्या कागदावर गुपचूप सही केली.

बाईंचे उपकार मी विसरणार नाही. मला त्यांनी फेकलं नाही, काकांना एका शब्दानं दुखवलं नाही. उलट जाताना काकांच्या चष्म्याला दोरी बांधून दिली.

आता माझे आकडे पुसट झालेत. शेजारी वायरवाला नवा आलाय, तो आपला आपणच आकडे पाठवतो. माझ्यावाचून कुणाचं अडत नाही. फक्त एक विनंती आहे, मला वर ओढू नका, तुम्हीच जरा वाका.

काका वाकतात. रोज सकाळी कण्हत-कुंथत गुडघे टेकतात, नाक पाण्याला लावतात.

"काय म्हणतोस, लेका?"

सतरा, मी म्हणतो. आणि ते सतराच लिहितात.