बाबांच्या टाकीतलं पाणी

बाबा गेले आणि वेस्ट मांबलमच्या घराच्या गच्चीवरचे त्यांचे टोमॅटो माझ्या गळ्यात पडले. मातीविना, पाइपांतून फिरणाऱ्या खतपाण्यावर वाढणारी रोपं. बी बाबांनीच पेरलेलं, शेवटचं. ती मेली असती तर मला बाबा दुसऱ्यांदा गेल्यासारखं वाटलं असतं, आणि ती मरायलाच टेकली होती.

नवी पानं पिवळी पडत होती, शिरा तेवढ्या हिरव्या. जुनी पानं ठणठणीत. म्हणजे लोह कमी. माझा भाऊ संकेत म्हणाला, "शर्मिष्ठा, लोहाची पावडर टाक ना." टाकली. आजार रेड्याला आणि इंजेक्शन पखालीला! लोह पाण्यात भरपूर होतं. पीएच चढल्यामुळे मुळांना ते घेताच येत नव्हतं. मी आम्ल घालून पीएच सहावर आणायचे, सकाळी बघावं तर पुन्हा साडेसात. मीटर तपासला. टँकरचं जड पाणी बंद करून फिल्टरचं भरलं. तरी तेच. खतपाण्याच्या टाकीचं झाकण घट्ट, आणि कुणीतरी रोज माझं केलेलं पुसून टाकतंय. मी भुताखेतांना हसणारी बाई. पण जिना चढताना छातीत धडधडायला लागलं, ते का लपवू?

शेवटी टाकी उपसायला घेतली. गुडघ्यांमुळे गच्चीवर येत नाही असं आम्ही समजत होतो ती आई धापा टाकत वर आली. "आत हात नको घालूस!"

घातला. तळाशी एक पांढरा खडा लागला.

"हे काय?"

"तुझे बाबा."

जीवखडा. गेलेल्याचा जीव त्यात आहे असं मानून दहा दिवस ज्याच्यावर पाणी सोडतात, तो स्मशानातून उचललेला चुनखडीचा तुकडा. दहाव्याला संकेतने तासाभरावरच्या कोवलमच्या समुद्रात सोडला, तो आईने बदललेला दुसराच होता.

"पिंडाला कावळा लगेच शिवला," आई म्हणाली. "सगळे म्हणाले, बरं झालं, काही इच्छा राहिली नाही. एवढ्या संसारात ह्यांचं माझ्यात काहीच अडकलं नव्हतं? जरा घुटमळले असते तर काय बिघडलं असतं गं? म्हणून इथे ठेवलं. तू रोज सकाळी 'चढला, पुन्हा चढला' म्हणून करवादायचीस ना, तेव्हा बरं वाटायचं. वाटायचं, आहेत."

माझा राग कुठल्या कुठे गेला. चुनखडी विरघळून पीएच चढवत होती, आणि मी रोज तिच्यावर आम्ल ओतत होते. आईने खडा हातात घेतला. लिंबाएवढा ठेवलेला, सुपारीएवढा उरला होता.

"किती वाळलेत," ती म्हणाली. "इथे त्रास होतोय का त्यांना?"

मला आम्लाचं सांगवेना. नुसतं मानेनंच हो म्हटलं.

दुपारी आम्ही कोवलमला गेलो आणि आईने स्वतःच्या हाताने त्यांना पाण्यात सोडलं. टोमॅटो सावरले, नवी पानं हिरवी येतायत. मी मीटर बुडवते तेव्हा आई खाली जिन्यात उभी राहून विचारते, "चढला का गं?" मी नाही म्हणते, मग ती घरात जाते.

आज सकाळीही पीएच सहाच होता. मी वरून ओरडून सांगितलं, "हो आई. थोडासा."